कोरड्या टॉवेलनं पुसलेले मासे

मी मासे पुसून पाण्यात सोडत होतो. दसऱ्यापासून पौषापर्यंत जेवढे धरले तेवढे सगळे, कोरड्या टॉवेलनं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, न्हाऊ घातलेलं लेकरू पुसतात तसे. पुसायचा, फोटो काढायचा, तळ्यात सोडायचा.

यात चुकलं काय, असं तुम्हाला वाटत असेल तर लाजू नका. मलाही वाटत नव्हतं. मासा हातात आल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो तो मला तळ्यातला गाळ वाटायचा. एवढ्या घाणीत राहणाऱ्या जिवाला निदान एकदा तरी स्वच्छ करून परत धाडतोय, याचं समाधान मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत असे.

दुकान म्हणजे मोटारी भरायचं. तामलवाडीजवळ एका फाट्यावर आहे. विहिरीतली, बोअरमधली जळलेली मोटार लोक आणून टाकतात. मी आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढतो, नवी भरतो, वार्निश मारतो. पावसाळ्यात मोटारी जळत नाहीत. मग तीन-चार महिने मी आणि माझा मोबाइल. त्या मोबाइलवर एकदा एक परदेशी माणूस दिसला. एकट्यापुरत्या लांबट होडीत पाय पसरून बसलेला. कयाक म्हणतात त्या होडीला. त्यानं मासा धरला, गळ काढला, माशाकडं प्रेमानं बघितलं आणि सोडून दिला. मी तो व्हिडिओ सात वेळा बघितला. मग त्याच्यासारखे आणखी शंभर बघितले.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. मासे धरायची हौस आमच्यासारख्यानं कुठं भागवायची? पण हा मनुष्य तर धरून सोडत होता. म्हणजे मजा पुरी आणि पाप नाही. एवढं सोयीचं काही मला आयुष्यात भेटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. माझ्या दुकानाला लागून पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, मोबाइलचं काय येणार. त्यामुळं सगळे व्हिडिओ मी मुके बघितले. त्या लोकांच्या मांडीवर एक फडकं असायचं, त्यावर ते मासा ठेवायचे, हे मला दिसलं. ते फडकं ओलं असतं, हे पडद्यावर दिसत नाही. ते तोंडानं सांगत असणार. पण इकडं गिरणीत ज्वारी पडत होती.

सोलापूरच्या बाजूला एक बोटिंगचं ठिकाण बंद पडलं होतं. तिथून मी पिवळ्याधमक रंगाची जुनी कयाक आणली. पिकअपच्या टपावर बांधून फाट्यावरून जाताना चहाच्या हॉटेलातून आवाज आला, "अप्पा, केळ लई मोठं आणलाव की! कुणाच्या घरची पूजा हाय?"

घरी बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. ती मुरुमकडची. राग आला की तिचं मराठी संपतं आणि कन्नड सुरू होतं. त्या दिवशी अजून मराठीच होतं. "मासा घरात न्हाय. वास घरात न्हाय. आन तुमच्या हातानं एकाचा जरी जीव गेल्याला माझ्या कानावर आला, तर तुमीबी घरात न्हाय."

मी म्हटलं, "अगं, सोडून देणार आहे."

"मग धरायला कशाला जाताव?" ती म्हणाली. याचं उत्तर मुक्या व्हिडिओत नव्हतं.

तळं दुकानापासून दोन-अडीच किलोमीटर. बांधाच्या कडेला एक झोपडी. तिच्यात एक म्हातारा भोई आणि त्याची बायको. तळ्यातली मासेमारी त्यांच्याकडं होती, बांध घातला तेव्हापासून. सगळा गाव त्याला मामा म्हणायचा आणि तिला मावशी. हे नातं कसं जुळतं, ते कुणी विचारू नये. मामा थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवा बसून, दोन्ही हातांत पत्र्याच्या दोन ताटल्या घेऊन त्यांनीच पाणी कापत जायचा. आठवड्याच्या बाजारात मावशी लिंबाखाली पाटी घेऊन बसायची. दुपार व्हायच्या आत पाटी रिकामी.

मी पहिल्यांदा कयाक पाण्यात घातली तेव्हा मामानं तराफा जवळ आणून बघितलं. "खाता न्हाय, इकता न्हाय. मग धरता कशापायी, अप्पा?"

"मजा, मामा."

त्यानं पाण्याकडं बोट केलं. "आन त्याला?"

हे मी दुकानात विनोद म्हणून महिनाभर सांगितलं.

आता माझी पद्धत ऐका. गांडूळ गळाला टोचायला माझा जीव होईना, म्हणून मी कणकेचा गोळा वापरायचो. मरळीसाठी रबरी बेडूक. मरळ दातांनी दोरा तोडते, तेव्हा गळाच्या वर वीतभर मजबूत काहीतरी पाहिजे. दुकानात तांब्याची तार ढिगानं पडलेली. मी तीच पिळून लावली आणि स्वतःच्या डोक्याचं कौतुक केलं. मासा लागला की दोऱ्याला धरून सरळ वर उपसायचा, विहिरीतली बादली उपसावी तसा. तो मांडीवर आपटायचा, तिथून कयाकच्या तळाला. तिथं प्लॅस्टिकवर तडफडत असताना मी त्याला दोन्ही गुडघ्यांत आवळायचो. दोनदा कयाकच उलटली आणि मी, मासा आणि मोबाइल तिघं एकदम पाण्यात गेलो. बाहेर दोघंच आलो. मोबाइल वाचला नाही. मग टॉवेल. मग सामान तोलायचा काटा जबड्यात अडकवून वजन. मग जबड्याला धरून उभा लोंबता फोटो. मग, मोठा असला तर थोडं भाषणही. "जा बाबा, मोठा हो." आणि लांब फेकायचा. जास्त लांब फेकला की जास्त मोकळा झाला, असं मला वाटायचं.

गळ खोल गिळला असेल तर मी तार कापून टाकायचो. गळ आत आपोआप विरघळतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवत नाही. बहुतेक मीच लिहिलं असेल.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि कडेला मेलेले मासे दिसायला लागले. आधी एक-दोन, मग रोज चार-पाच. अंगावर पांढरे चट्टे, त्यावर कापसासारखं काहीतरी उगवलेलं. काही जिवंत होते, पण वरच्या पाण्यात तिरपे होऊन गोल गोल फिरत. एका रोहूचा डोळाच कापसानं भरला होता. मी काठीनं त्याला ढकललं तर तो खाली गेला आणि पुन्हा तसाच वर आला.

निसर्गाची काळजी वाहणारा त्या तळ्यावर माझ्याशिवाय दुसरा कोण होता? मी फोटो काढले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "तळ्यातले मासे आजारी आहेत. कुणीही खाऊ नयेत. पाण्यात कुणी औषध टाकतं का, याची चौकशी व्हावी." त्या तळ्याच्या पाण्यावर दोनच माणसं जायची. त्यांतला एक मी. राहिला कोण, हे मी लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. लोक हुशार आहेत.

पुढच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेलो होतो. मावशीच्या पाटीपुढं एक बाई वाकली, माशाचे कल्ले उघडून बघितले. कल्ले लालभडक होते.

"तळ्यातलाच हाय न्हवं?"

"व्हय की. सकाळचा हाय, ताई. बघा, कसा हाय."

"मग नगं."

तिच्यामागं उभे असलेले तिघंही निघून गेले. संध्याकाळपर्यंत मावशी त्या पाटीवर ओलं पोतं टाकून बसून होती. एरवी बोंबलून गिऱ्हाईक बोलवणारी बाई, पण त्या दिवशी तिनं आवाज दिला नाही. जाताना पाटी तेवढीच जड होती. मामानं बांधामागं खड्डा करून सगळे मासे पुरले, असं मला एकानं सांगितलं. कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर दगड रचले. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. लोक वाचले, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या बाजारीही तसंच झालं. त्यानंतर एके सकाळी मामा दुकानात आला. उंबऱ्याच्या बाहेरच चप्पल काढून उभा राहिला. मी आत ये म्हटलं तरी येईना. अंगाला माशाचा वास असतो म्हणून.

"अप्पा, तुमी शिकल्यालं मानूस. तुमचं लोक ऐकत्यात. माझ्या तळ्यात कोन काय टाकतंय, तेवढं मला हुडकून द्या."

तो माझ्यावर चिडायला आलेला नव्हता. मदत मागायला आला होता. ग्रुपवर काय लिहिलंय हे त्याला माहीत होतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं. पण मी ते त्याच्यावर लिहिलंय, हे त्याच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. त्याला वाटलं, अप्पाला तळ्याची काळजी आहे.

"आजून दोन बाजार असंच गेलं तर आमाला उजनीला जावं लागंल. दुसऱ्याच्या जाळ्यावर, मजुरीनं. तितं रातभर पान्यात ऱ्हावं लागतंय. म्हातारीचं गुडघं गेल्यात. तिला न्हाय झेपायचं."

मी म्हटलं, "मामा, उद्या सकाळी दोघं मिळून बघू." म्हणताना मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

सकाळी पाण्यावरून वाफ निघत होती. तो तराफ्यावर, मी कयाकमध्ये. त्याचं जाळं पलीकडच्या कडेला होतं. जाता जाता मी गळ टाकला. म्हटलं, नमुना म्हणून एक बघू. दोरा ताणला. रोहू होता, चांगला हातभर. मी नेहमीसारखा उपसला, मांडीवर घेतला, गुडघ्यांत दाबला, गळ काढला आणि टॉवेल घेतला. मामा बघतोय म्हटल्यावर जरा जास्तच मन लावून पुसला. पोट, पाठ, कल्ल्यामागं.

तराफा माझ्या कयाकला येऊन टेकला.

"काय करायलाव, अप्पा?"

"पुसतोय. फार चिकट असतात हो तुमचे मासे."

"समद्यास्नी असंच करता?"

"सगळ्यांना. एकही सोडला नाही."

त्यानं हात लांब केला. आधी तो हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला, मग माझ्या मांडीवरून मासा उचलून पाण्यात धरला. रोहू आडवा पडला. मामानं पोटाखाली तळवा दिला, त्याला सरळ धरलं. माझ्या टॉवेलला चिकटलेले खवले सकाळच्या उन्हात चमकत होते. मी त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"ही चिकट न्हवं, त्याची कातडी हाय ही," मामा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या पाठीची साल टावेलानं काढली आन मग तुमाला गटारीत सोडलं, तर काय हुईल? ह्यो पांढरा कापूस त्याच जाग्याला उगवतोय. थंडीत तर लईच."

मी म्हटलं, "पण मी तर सोडतो त्यांना."

"बारकी आमीबी सोडतो की. पोटात अंडी, गाभोळी असली तरी सोडतो. पर वर उचलायचंच न्हाय त्याला. व्हडीच्या कडंला आना. पान्यातच ऱ्हाऊ द्या. हात आधी भिजवा. गळ पान्यातच काढा. त्या गळाला उलटं नख हाय, ते पकडीनं दाबून टाका. तुमच्या दुकानात पकडीच पकडी. आन असं धरा." तो मासा अजून त्याच्या तळव्यावर होता. कल्ले सावकाश उघडमीट करत होते. "त्यो सोताहून निगाला की हात काढा. तुमची घाई हितं चालत न्हाय."

आम्ही थांबलो. किती वेळ, सांगता येणार नाही. गार पाण्यात मामाचं बोट न् बोट पांढरं पडलं होतं. शेवटी रोहूनं शेपूट हलवली आणि तो खाली गेला. सरळ गेला. पाच-सहा हातांवर पुन्हा वर आला, एका कुशीवर.

मामानं त्याच्याकडं बघितलं आणि ताटल्या हातात घेतल्या. "चला. जाळं बघू."

जाळ्यात चार मासे होते, त्यात एक मरळ. ही जात म्हणजे दंडासारखी भरलेली असते. पण हिचं नुसतं डोकं मोठं, अंग सुतळीसारखं. पाठीवर कापूस. मामानं तराफ्यावर ठेवून सुरीचा एक घाव डोक्यामागं घातला, ती जागेवर शांत झाली, मग तिचा गळा उकलला. आत गळ रुतलेला. गळाला वीतभर तांब्याची तार, पिळलेली.

त्यानं ती तार पाण्यात धुतली आणि माझ्यापुढं धरली. त्या तारेवरचं वार्निश मी अंधारात बोटांनी ओळखेन. आमच्या भागात मोटारीच्या तारेनं मरळ धरणारा गाढव एकच आहे.

"ही तुमच्या दुकानातली व्हय, अप्पा?"

मी म्हटलं, "असेल." अजून एकदा सांगतो, मी "आहे" म्हटलं नाही. "असेल" म्हटलं. त्या परिस्थितीतसुद्धा मी स्वतःसाठी एक फट ठेवली.

मला वाटलं होतं तो आता सुरी घेऊन अंगावर येईल. आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं सुरी धुतली, गोणपाटाला पुसली. "कुनी औषध टाकलं न्हाय मग," तो म्हणाला. त्याला खरंच हायसं वाटलं होतं. "बाजाराला येऊन येवढं सांगा. तुमचं ऐकत्यात लोक."

बाजाराला तीन दिवस होते. मी ग्रुपवर लिहिलं, "तळ्यातले मासे आता चांगले आहेत. काळजी नसावी." माझं नाव, टॉवेल, तार, काही नाही. लगेच उत्तरं आली. "अप्पाला कुणी दाबलं?" "मामानं कालवण पोच केलं जणू." "पंधरा दिवसांत माशांना कुठल्या दवाखान्यात दाखवलं?" आधी ज्यांना शंका होती, त्यांची आता खात्री झाली.

मग बाजाराला जावंच लागलं. मी मावशीच्या पाटीशेजारी उभा राहिलो आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. पुसलं, फेकलं, तार आत राहिली, सगळं. आयुष्यात एवढं खरं मी एका दमात कधी बोललो नव्हतो.

गर्दी जमली. एक जण म्हणाला, "अप्पा, पुसल्यावर मासा मरतो व्हय? मग आमी रोज आंगुळ करून पुसतो, आमी कसं जित्तं?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "आमाला काय येडं समजता का? टावेलानं रोग होतो म्हनं!" मी रोहूचे खवले, थंडी, कापूस सगळं पुन्हा सांगायला लागलो, तसतसं ते जास्तच खोटं वाटायला लागलं. मलाच वाटायला लागलं. औषध टाकलं, ही गोष्ट कशी सरळ होती. ती मीच त्यांना दिली होती. ती परत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मग मागून आवाज आला, "चांगलं हाय तर खाऊन दावा!"

"अरं, अप्पा लिंगायत हाईत."

"मग काय झालं? लोकांना खा म्हनायचं आन आपन न्हाय खायाचं?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या बाजूला कापडात बांधलेली तिची दुपारची भाकरी होती आणि डब्यात कालवण. तिनं डबा उघडला नाही. डबा मी उचलला. गळ्यातलं लिंग मी हातानं पाठीमागं सरकवलं. देवाला पाठीकडून दिसत नाही, असा माझा समज असावा. भाकरीचा तुकडा मोडला, रश्यातला माशाचा एक तुकडा त्यात धरला आणि सगळ्यांसमोर तोंडात घातला.

मासा कसा खातात, हे मला माहीत नव्हतं. काटे जिभेनं बाजूला काढायचे असतात, हे पंचावन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी वांग्याच्या फोडीसारखा तो चावला आणि गिळला. घशात काहीतरी आडवं बसलं. मी पुन्हा गिळलं. ते अजून खाली रुतलं. डोळ्यांतून पाणी आलं. मावशी ओरडली, "कोरडी भाकर गिळा, अप्पा, कोरडी भाकर!" मी भाकरीकडं हात नेला आणि तेवढ्यात पोटातून सगळं उलटून वर आलं. लिंबाखाली, पाटीपासून हातभर अंतरावर, भर बाजारात, अख्ख्या गावासमोर मी ओकलो. एकदा नाही. तीनदा.

कुणी हसलं नाही. लोक दोन पावलं मागं सरले. एका बाईनं आपल्या लेकराच्या तोंडावर पदर धरला. कुणीतरी मोबाइलवर हे सगळं घेतलं होतं. संध्याकाळच्या आत ते शेजारच्या चार गावांत पोचलं. खाली लिहिलं होतं, "तळ्यातला मासा खाल्ल्यावर काय होतं ते बघा." त्यातही आवाज नव्हता. काटा अडकलाय, हे नुसतं बघून कळत नव्हतं.

मावशीनं तांब्याभर पाणी माझ्यापुढं ठेवलं, डबा धुतला, पाटीवर पोतं टाकलं आणि उठली. मामा बाजाराच्या टोकाला उभा होता. त्यानं पाटी तिच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतली. दोघं निघून गेले. दुपार व्हायची होती.

घरी बायकोला आधीच कळलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "साकु." कन्नडमध्ये पुरे. तिनं न्हाणीघराकडं बोट केलं. मी अंघोळ करून आलो तर पाटावर ताक ठेवलेलं होतं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "खाल्लाव त्याचं मला काय न्हाय. त्या दोघांचं काय?" मला घरात ठेवायचं की नाही, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी कयाक पुन्हा पाण्यात घातली नाही. फाल्गुनापर्यंत तळ्यातला कापूस गेला, मेलेले मासे दिसायचे थांबले. आता तिथं दुसरा कुणीतरी जाळं टाकतो आणि लोक त्याच्याकडून घेतात, कल्ले बघून, चवीनं. एवढंच थांबायचं होतं. दोन महिने. पण पुढच्या बाजाराला मावशीच्या पाटीजवळ कुणी फिरकलंच नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही, आणि त्यानंतर ते दोघं थांबले नाहीत.

ते निघाले त्या सकाळी मी तळ्यावर गेलो. उजनीकडं जाणारा टेम्पो बांधाखाली उभा होता. थर्माकोलचे पत्रे आत चढवलेले, झोपडीवरचे पत्रे काढून दोरीनं बांधलेले, दोन पेट्या, चूल. मावशी एका दगडावर गुडघे चोळत बसली होती. मामानं मला बघून नेहमीसारखा रामराम घातला. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो, ते बोललो. तो म्हणाला, "असू द्या, अप्पा. व्हतंय." एवढं बोलून तो ड्रायव्हरशी बोलायला पुढं गेला.

जाळ्यांचा एक मोठा गठ्ठा अजून खाली पडला होता. ओला, जड. मामा परत येऊन तो एकटाच उचलायला लागला. माझ्याच्यानं बघवेना. मी पटकन पुढं झालो, दुसरं टोक धरलं आणि जोर लावला. गाठ सुटली की माझ्या हातून निसटली कुणास ठाऊक, पण अर्धं जाळं मातीत पसरलं आणि बाभळीच्या काट्यांत गुंतलं.

मी ते सोडवायला वाकलो. मावशी दगडावरून उठली, लंगडत आली आणि तिनं माझ्या मनगटाला धरून हात बाजूला केला.

"अप्पा, तुमी हात लावू नगा. तेवढं तरी नीट जाऊ द्या."